छोट्या ट्रेलरसाठी १२ व्होल्टचा विंच आणि तयार रिसीव्हर क्रेडल: वर्षभर वापरून काय वाटलं

माझ्याकडे एका अ‍ॅक्सलचा छोटा ट्रेलर आहे, मालासकट ७५० किलोचा. त्यावर पॉवर टिलर, बंद पडलेल्या मोटरसायकली, जनरेटर, कापलेल्या झाडाचे ओंडके असलं सगळं चढवायचं असतं. दरवेळी चार माणसं गोळा करा, दोघं ढकलणार, एक हँडल धरणार, एक मागून चाकाला लाकूड लावत येणार, आणि तरी अर्ध्या रॅम्पवर टिलर मागे सरकला की सगळ्यांचा जीव टांगणीला. एकदा माझ्या भाच्याचा पाय थोडक्यात वाचला त्या दिवशीच ठरवलं की विंच, म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळून वजन ओढणारं यंत्र, बसवायचा. पण कायमचा बोल्ट मारून नाही, काढता घालता येईल असा. कारण पुढे विंच कायम उभा असला की लांब पाइप किंवा बांबू टाकता येत नाहीत, पावसात मोटर सडते, आणि ट्रेलर बाहेर उभा असतो म्हणून चोरीचं पण टेन्शन.

तर दोन वस्तू घेतल्या. एक, २५०० पौंडांचा म्हणजे साधारण ११३० किलो ओढीचा छोटा इलेक्ट्रिक विंच, ऑफरोड चारचाकी बाइकना लावतात तो. दुसरी, तयार मिळणारं रिसीव्हर क्रेडल, म्हणजे दोन इंची चौकोनी नळीला पुढे एक ट्रे वेल्ड केलेला असतो, नळी गाडीच्या हिचमध्ये, म्हणजे ट्रेलर जोडायच्या चौकोनी तोंडात (रिसीव्हर), सरकवायची, आडवी पिन टाकायची, झालं. वर्षाच्या वर वापर झालाय. विंचवर मी खूश आहे. क्रेडल मात्र ट्रेलरला जसंच्या तसं बसत नाही, आणि याबद्दलच जास्त लिहिणार आहे कारण घेण्याआधी मला हे कोणी सांगितलं असतं तर एक महिना वाचला असता.

आधी विंच.

ताकद पुरते का हा पहिला प्रश्न. माझ्या ट्रेलरची फळी जमिनीपासून ६० सेंटीमीटरवर आहे आणि रॅम्प १८० सेंटीमीटरचा, म्हणजे चढ एकास तीन. टिलर धरा ४०० किलोचा, तर चढावर त्याच्या वजनाचा तिसरा हिस्सा, १३३ किलो, आणि चाकं फिरायला लागणारा जोर वीस-तीस किलो, असा मिळून १६० किलोच्या आसपास ताण. हे ऐकून वाटेल की मग ११३० किलोचा विंच कशाला, पाचशेचा पण चालेल. पण एखाद्या बंद मशीनचं चाक जाम असेल, ब्रेक चिकटले असतील, तर चाक फिरत नाही, नुसतं फरफटत येतं आणि तोच ताण सरळ ४०० किलोपर्यंत जातो, म्हणजे वस्तूच्या पूर्ण वजनाइतका. त्यात डब्यावर लिहिलेली ताकद ही ड्रमवर दोराचा फक्त एकच थर असताना मिळते. दोर जसा गुंडाळत जाईल तसा ड्रम जाड होतो आणि ओढ कमी होते. माझ्या विंचचा ड्रम ५० मिलिमीटरचा आणि दोर ५ चा आहे, त्यावरून हिशोब केला तर दुसऱ्या थराला ८५ टक्के, तिसऱ्याला ७३ आणि चौथ्याला ६५ टक्केच ताकद उरते. आणि ट्रेलरवर नेमकं काय होतं, तर माल पुढे येईल तसा दोर आत येतो, म्हणजे शेवटच्या मीटरला, जिथे चाक फळीच्या काठावर अडतं, तिथेच विंच सगळ्यात कमजोर असतो. म्हणून दुप्पट-तिप्पट मोठा घ्यावा हे माझं मत, आणि दोर गरजेपेक्षा फार लांब ठेवू नये. माझ्याबरोबर १५ मीटर आला होता, मी कापून ९ मीटर केला, तेवढ्यानेच फरक जाणवला. दोर कमी केला तरी ड्रमवर शेवटचे काही वेढे कायम राहिलेच पाहिजेत, स्टीलच्या दोराला किमान पाच आणि सिंथेटिकला आठ-दहा, कारण ओढ त्या वेढ्यांच्या घर्षणावर असते, टोकाला लावलेला छोटा स्क्रू ताण घेण्यासाठी नसतोच.

आवाज आहे, वेग कमी आहे, पण या कामाला वेग कमी असलेलाच बरा. मोटर लवकर तापते, या साइझच्या सगळ्याच विंचची हीच गोष्ट. मी अर्धा रॅम्प चढवला की चाकाला ओटी, म्हणजे अडवायची पाचर, लावतो, दोन मिनिटं थांबतो, मोटरवर हात ठेवून बघतो, मग पुढे. घाई असते तेव्हा हे जिवावर येतं, पण मोटर जळाली तर विंच गेलाच.

उतरवताना एक गोष्ट लक्षात आली. प्लॅनेटरी गिअरच्या विंचमध्ये बहुतेक वेळा ब्रेक ड्रमच्या आतच असतो, त्यामुळे वजन धरून दोर सोडत गेलं की ड्रम चांगलाच गरम होतो. स्टीलच्या दोराला त्याचं काही नाही, पण मी पुढे सिंथेटिक दोर टाकला आणि तो ज्या धाग्याचा असतो तो दीडशे डिग्रीच्या अलीकडेच वितळतो, ताकद तर त्याच्या बरीच आधी जायला लागते. म्हणून जड वस्तू उतरवताना थोडं सोड, थांब, थोडं सोड असंच करतो.

स्टीलचा दोर मी का काढला तर हातात कुसळं जातात, एकदा वाकला की तिथे कायमचा मोड राहतो, आणि तुटला तर चाबकासारखा उलटा येतो. सिंथेटिक हलका असतो, तुटला तरी त्यात तेवढा झटका साठलेला नसतो. पण दोर बदलला की रोलरवाला फेअरलीड, म्हणजे दोर ज्यातून बाहेर निघतो ती चौकट, पण बदला हं, स्टीलच्या दोराने त्या रोलरवर चरे पाडलेले असतात आणि ते नवीन दोर कापतात. गुळगुळीत अ‍ॅल्युमिनियमचा हॉझ फेअरलीड लावला, प्रश्न मिटला.

आता क्रेडल, म्हणजे खरी भानगड.

पहिली अडचण भोकांची. क्रेडलच्या ट्रेवर मोठ्या गाड्यांच्या विंचची भोकं होती, २५४ बाय ११४ मिलिमीटरची, आणि छोट्या विंचचे पाय त्यापेक्षा खूप जवळ असतात. म्हणजे मधे ८ मिलिमीटरची प्लेट टाकून नवी भोकं पाडा. ठीक आहे, अर्ध्या तासाचं काम.

दुसरी अडचण दिशेची, आणि ही मला घरी आणून ट्रेलरवर ठेवल्यावरच कळली. क्रेडल गाडीसाठी केलेलं असतं, म्हणजे नळी गाडीत जाते आणि दोर गाडीपासून लांब, बाहेरच्या बाजूला निघतो. ट्रेलरवर उलटं पाहिजे. नळी फळीच्या पुढच्या आडव्या चॅनेलखाली बसवली, विंच दांड्याच्या, म्हणजे गाडीला जोडायच्या पुढच्या भागाच्या, वर आला, तर दोर मागे, ट्रेलरच्या आत, नळीच्याच डोक्यावरून जायला हवा. विंच फिरवून लावला तर फेअरलीडची पट्टी चुकीच्या बाजूला राहते. आणि उंची पण चुकते, ट्रे फळीच्या पातळीच्या खाली येतो, त्यामुळे दोर पुढच्या कडेवर घासतो. मी एकदाच तसं ओढून बघितलं, दोन मीटरमध्ये दोराचं वरचं आवरण फाटलं.

तिसरी अडचण जाडीची. ट्रे ४ मिलिमीटरचा, कोपऱ्यांना गसेट, म्हणजे आधाराची तिरकी प्लेट, नाही. खाली लाकडी ठोकळा घालून विंच वर उचलला आणि ओंडका ओढायला घेतला तर ट्रेचा मागचा काठ डोळ्यांदेखत खाली बसला. भाचा बाजूलाच होता, म्हणाला, "मामा, दोर तसाच आहे, खालचं वाकतंय!" तिथेच थांबवलं. क्रेडल वाईट आहे असं मी म्हणणार नाही, गाडीच्या हिचमध्ये सरळ ओढीला ते चालत असेल, पण ट्रेलरवर विंच वर उचलावाच लागतो आणि उंची आली की सगळं गणित बदलतं.

ते गणित मी नंतर कागदावर केलं, आधी करायला हवं होतं. दोर नळीपासून ३० सेंटीमीटर उंच असेल आणि ४०० किलोचा ताण असेल तर खालच्या सांध्याला जवळपास १२० किलोग्रॅम-मीटरचा वाकवणारा जोर बसतो. ५० बाय ५० चा ३ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप घेतला तर त्यात १४० मेगापास्कलच्या आसपास ताण येतो, साधं एमएस, म्हणजे माइल्ड स्टील, २५० ला वाकायला लागतं. म्हणजे शांतपणे ओढलं तर टिकेल, पण चाक अडून सुटलं आणि झटका बसला की ताण सहज दुप्पट होतो आणि पाइप गेला. तोच पाइप ६ मिलिमीटर जाडीचा घेतला तर ८५. फरक बघा. पण विंच पूर्ण अडला आणि त्याने आपली सगळी ११३० किलोची ताकद लावली तर ६ च्या पाइपात पण २४० होतात, अगदी काठावर. म्हणून नुसता जाड पाइप घेऊन भागत नाही, दोर जितका खाली आणता येईल तितका आणायचा. मी उंची २० सेंटीमीटरवर आणली, त्याने पूर्ण ताकदीला पण १६० च येतात. त्यापेक्षा खाली मला नेता आलं नाही कारण मग दोर पुढच्या कडेला लागतो.

तर शेवटी असं बनवलं. क्रेडलची नळी तेवढी कापून ठेवली, ती ६ मिलिमीटरची चांगली निघाली, ट्रे भंगारात. नळीच्या पुढच्या टोकाला तसाच ६ मिलिमीटरचा उभा पाइप, कोपऱ्याला दोन्ही अंगांनी त्रिकोणी गसेट, वर ८ ची प्लेट, त्यावर विंच मागे तोंड करून, आणि फेअरलीडला वेगळी उभी पट्टी. ट्रेलरच्या पुढच्या चॅनेलखाली, दांड्याच्या दोन अँगलांच्या मधोमध, रिसीव्हरचा तुकडा वेल्ड केला, तोंड पुढे. आणि या तोंडाच्या दिशेमुळे एक फार चांगली गोष्ट झाली. विंच मागे ओढतो, म्हणजे माउंट आपोआप रिसीव्हरच्या आत ढकललं जातं. नळीला बाहेरून एक कॉलर वेल्ड केली, ती रिसीव्हरच्या तोंडावर टेकते आणि सगळी ढकल तीच घेते, १६ मिलिमीटरची पिन फक्त माउंट बाहेर निसटू नये म्हणून. पिनेवर भार नाही, म्हणून भोकं लांबोळी होत नाहीत, पिन काढताना हातोडा लागत नाही. रिसीव्हर उलट्या तोंडाने किंवा उभा लावला असता तर सगळा भार पिनेवर नाहीतर नळीच्या कडांवर आला असता.

रिसीव्हरसाठी साधा चौकोनी पाइप घेणार असाल तर हे बघा. त्या पाइपाच्या आतल्या बाजूला एक उभी वेल्डची शिवण असते, बाहेरून दिसत नाही, आणि ती बोटभर लांब घासायला पण जीव जातो. ६० बाय ६० चा ५ मिलिमीटरवाला पाइप मी हौसेने आणला होता, आतून बरोबर ५० भरतो, पण त्यात ५० ची नळी जात नाही ती नाहीच. त्यात ही शिवण. शेवटी तयार रिसीव्हर ट्यूब आणली, ती आतून साफ केलेली असते, बाहेरून अडीच इंच आणि आतून दोन. एवढी एक गोष्ट तयार घ्या, बाकी सगळं घरी करा.

पिनेचं भोक आधी पाडू नका. नळी रिसीव्हरमध्ये कॉलर टेकेपर्यंत सरकवा, क्लॅम्प लावा, आणि दोन्हींतून एकदमच ड्रिल मारा, आधी ६ चं मग १० चं मग १६ चं. नळीच्या टोकापासून भोक किमान ३० मिलिमीटर आत ठेवा. वेल्डिंग करताना ट्रेलरच्या लाइटची वायर गाडीपासून काढून ठेवा आणि अर्थिंगचा क्लॅम्प वेल्डच्या अगदी जवळ लावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून जातो. ट्रेलर गॅल्व्हनाइज्ड असेल तर जिथे वेल्ड मारायचा तिथलं जस्त चार बोटं लांबपर्यंत घासून काढा आणि मोकळ्या हवेत करा, जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री थंडी भरून ताप येतो.

वायरिंगबद्दल. मी आधी गाडीच्या बॅटरीपासून मागे केबल ओढायचा विचार केला होता. गाडी धरून सहा मीटर जाणारी आणि सहा येणारी, बारा मीटर तांबं. १६ चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये १०० अँपिअरला सव्वा व्होल्टच्या वर वाटेतच जातात, २५ ची घेतली तरी पाऊण-एक व्होल्ट. जाड केबल महाग, जड, आणि गाडीखालून नेताना कुठे घासली तर आग. सोडून दिलं ते. ट्रेलरच्या दांड्यावर बॅटरीची पेटी बसवली, विंचपासून फक्त साठ सेंटीमीटरवर, १६ ची केबल, प्लसला बॅटरीपासून हातभर अंतरात सर्किट ब्रेकर. क्लॅम्पमीटर लावून बघितलं, टिलर चढताना ५५ ते ६० अँपिअर, तीन मिनिटांचं काम, म्हणजे एका चढाईला तीन अँपिअर-अवरच्या आसपास. छोटी बॅटरी पण दिवसभर पुरते. रात्री घरच्या चार्जरला लावतो. गाडीच्या सात पिनी सॉकेटमधून चार्जिंगची बारीक वायर घेता येते, फ्यूज टाकून, पण त्या वायरवर विंच चालवायचा विचार सुद्धा करू नका.

काढता घालता यायचं असेल तर सोलेनॉइडचा डबा, म्हणजे मोटरचा करंट चालू-बंद करणारा, विंचच्या प्लेटवरच बसवा. नाहीतर दरवेळी चार वायरी सोडवत बसाल. माझ्याकडे आता एकच जाड दोन पिनी प्लग आहे, १७५ अँपिअरचा, दोन्हीकडचे तुकडे सारखेच असतात तो प्रकार. प्लग ओढा, पिन काढा, पंधरा किलोचं धूड उचला, गोदामात ठेवा. दीड मिनिट लागतं. पहिल्या डिझाइनमध्ये वीस मिनिटं लागायची आणि मग आळस होऊन मी तो तसाच पावसात ठेवायचो.

बॅटरी, पेटी, माउंट सगळं मिळून तीसेक किलो वजन दांड्यावर वाढलं. हिचवरचा भार एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के असावा असं म्हणतात, माझा आधी थोडा कमीच होता म्हणून मला उलट फायदा झाला, ट्रेलर आता मागे डुलत नाही. पण ज्यांचा आधीच जास्त आहे त्यांनी माल थोडा मागे ठेवावा लागेल. आणि बसवण्याआधी गाडी जोडून पूर्ण स्टीअरिंग कापून वळून बघा, गाडीचा मागचा कोपरा विंचला लागतो का, डिकीचं दार पूर्ण उघडतं का, जॅकचं हँडल फिरतं का. माझं हँडल फेअरलीडला अडत होतं, माउंट ४ सेंटीमीटर बाजूला घेऊन परत टॅक मारला. दोर मधोमध राहत नाही त्याने, पण पुढच्या कडेला मधोमध एक पुली लावून ते जमवलं.

एक प्रसंग सांगतो, कारण तो जिवावर बेतला असता. सुरुवातीला ट्रेलर गाडीपासून सोडून, नुसत्या जॅकवर उभा करून मी टिलर चढवत होतो. टिलर मागच्या काठावर आला तेव्हा सगळं वजन अ‍ॅक्सलच्या मागे, दांडा झटकन वर उचलला गेला, मागचा काठ जमिनीवर आपटला, टिलर रॅम्पवर तिरका लटकलेला, आणि त्याला धरून फक्त दोर. आम्ही दोघंही बाजूला होतो म्हणून वाचलो. आता नियम असा आहे की ट्रेलर गाडीला जोडलेला, गाडीचा हँडब्रेक ओढलेला, ट्रेलरच्या चाकांना ओट्या आणि मागच्या दोन्ही कोपऱ्यांखाली टेकू, त्याशिवाय रिमोटला हात लावायचा नाही. भाच्याला सांगून ठेवलंय, "दोराच्या रेषेत कोणी उभं दिसलं तर मला न विचारता थेट ब्रेकर खाली पाड." दोन वेळा पाडलाय त्याने, एकदा माझ्यामुळेच, मी दोराच्या पलीकडे ओटी घ्यायला गेलो होतो.

आणि माल चढला की विंचच्या भरवशावर प्रवास करायचा नाही. चार कोपऱ्यांना चार रॅचेट बेल्ट, मग दोर थोडा सैल. रस्त्यावर दर खड्ड्याला बसणारा झटका गिअर आणि ब्रेकने कशाला खायचा, ते त्यांचं काम नाही.

घेणाऱ्यांसाठी माझं मत असं. विंचला पाचातले चार, एक कापला तो वायरवाल्या रिमोटच्या बटणावरच्या रबरासाठी, सहा महिन्यांत चिरलं आणि आत पाणी गेलं, मी दुसरं टाकलंय. क्रेडलला ट्रेलरसाठी पाचातले दोन, ते पण नळी चांगली होती म्हणून. महिन्यातून एखादी मोटरसायकल चढवायची असेल तर इलेक्ट्रिकच्या नादाला न लागता ब्रेकवाला हँड विंच याच माउंटवर लावा, बॅटरी नको, वायर नको. पण ब्रेकवालाच घ्या, नुसत्या रॅचेटच्या विंचचं हँडल हातातून सुटलं तर गरगर फिरून मनगट मोडतं.

गेल्या महिन्यात मागच्या चॅनेलला पण एक रिसीव्हर वेल्ड केलाय, ओंडके जागेवरून ओढून ट्रेलरपर्यंत आणायला. तेच माउंट तिथे जातं, विंच आणि फेअरलीड तेवढे उलट तोंडाने फिरवून, पण मागे लावल्यावर ओढ उलट्या दिशेने, म्हणजे कॉलर काहीच घेत नाही आणि सगळा भार पिनेवर येतो. म्हणून तिथल्या भोकांभोवती ८ मिलिमीटरच्या गोल चकत्या वेल्ड केल्यात आणि ओंडक्याला लावलेल्या पुलीतून दोर परत ट्रेलरच्या चॅनेलला आणून ताण निम्मा करतोय. दहा-बारा ओंडके झाले, भोकं अजून गोल आहेत.